पशुवैद्यक सहायकाचे प्रशिक्षण गोव्यातच मिळाले पाहिजे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की जीवशास्त्र शिकवलेल्या निवृत्त शिक्षकाच्या दारात पालक येतातच. आमच्या सत्तरी तालुक्यात त्यांच्यापैकी काहींचा प्रश्न दरवर्षी एकच असतो. मुलाला किंवा मुलीला जनावरांची ओढ आहे, पशुवैद्यकाच्या पदवीला लागणारे ‘नीट’चे गुण नाहीत, किंवा गुण असूनही परराज्यात साडेपाच वर्षे ठेवून शिकवण्याची ऐपत नाही, तर मग गुरांच्या डॉक्टरांचा प्रशिक्षित, प्रमाणपत्र असलेला सहायक होण्यासाठी कुठे जावे? गोव्यात पशुवैद्यक महाविद्यालय नाही, त्यामुळे पदवीसाठी आपल्या मुलांना परळ, शिरवळ, शिवमोग्गा अशा ठिकाणी जावे लागते आणि ते समजण्यासारखेही आहे, कारण एवढ्या लहान राज्यात असे महाविद्यालय उभे करणे सोपे नाही. सहायकाच्या प्रशिक्षणाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याला मोठे महाविद्यालय लागत नाही. चालता दवाखाना, भरलेला गोठा, शिकवणारे डॉक्टर आणि वर्षभराचा वेळ एवढे पुरते, आणि वेळ वगळता यांतली प्रत्येक गोष्ट आज गोव्यात आहे. राज्य सरकारने पशुवैद्यक सहायकाचा कायद्याच्या चौकटीत बसणारा, मुख्यतः प्रत्यक्ष कामातून शिकवला जाणारा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम गोव्यात सुरू करावा, ही मागणी मी या पत्राद्वारे करीत आहे.

प्रथम कायद्याविषयी लिहितो, कारण या विषयावरचा बराचसा गोंधळ तिथेच सुरू होतो. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 याच्या कलम 30 नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाशिवाय कोणालाही जनावरांवर उपचार करण्याचा व्यवसाय करता येत नाही. त्याच कलमात एक सवलत दिलेली आहे. पशुसंवर्धन संचालनालयाने किंवा एखाद्या पशुवैद्यक संस्थेने दिलेली पदविका अथवा प्रमाणपत्र ज्याच्याकडे आहे, अशा पर्यवेक्षकाला किंवा पशुधन सहायकाला नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि त्याच्या निर्देशानुसार ‘किरकोळ पशुवैद्यक सेवा’ देण्याची परवानगी राज्य सरकार आदेशाने देऊ शकते. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी आणि राज्य सरकार अधिसूचनेने ठरवील ते इतर प्राथमिक उपचार या सेवांमध्ये येतात. याचा अर्थ असा की सहायकाचे प्रमाणपत्र कोणी द्यायचे, त्या प्रमाणपत्रावर कोणती कामे करू द्यायची आणि ती कोणाच्या नजरेखाली करायची, हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने राज्याकडेच दिलेला आहे. दिल्लीच्या नव्या योजनेची वाट पाहण्याची त्यासाठी गरज नाही.

पशुवैद्यकांपैकी काहींना अशा अभ्यासक्रमाची धास्ती वाटते, हे मला ठाऊक आहे. प्रमाणपत्र हातात पडले की मुलगा उद्या गावात स्वतःच ‘डॉक्टर’ म्हणून फिरू लागेल आणि भोंदूंच्या संख्येत आणखी भर पडेल, असे त्यांचे म्हणणे असते. ही भीती खोटी नाही. परंतु गावात आज काय चालते तेही पाहिले पाहिजे. डॉक्टर दुसऱ्या गावी अडकलेले असतात, गाय आडवी पडलेली असते आणि औषधाच्या दुकानातून मिळेल ते इंजेक्शन आणून टोचणारा कोणीतरी वाड्यावर असतोच. वेदनाशामक म्हणून गुरांना डायक्लोफिनॅक टोचण्याची सवय या देशात किती महागात पडली, हे सर्वज्ञात आहे. ते औषध दिलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली, त्यांची संख्या कोसळली, आणि 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी घालावी लागली. पुढे 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवरही तीच वेळ आली. न शिकलेल्या माणसाला यांतले काहीच माहीत नसते. शिकलेल्या सहायकाला ते माहीत असते, आणि आपल्या हाती कोणते औषध घ्यायचेच नाही हेही माहीत असते. भोंदूगिरीला आळा घालायचा असेल तर शिकलेल्या माणसाने ती जागा भरली पाहिजे.

सहायकाचे काम म्हणजे डॉक्टरांची पेटी उचलणे आणि जनावर धरून ठेवणे, अशी अनेकांची समजूत असते. जनावर धरणे हेसुद्धा शिकण्याचेच काम आहे. म्हशीला दोर कुठून टाकावा, बिथरलेल्या बैलाच्या कोणत्या बाजूने जावे, घाबरलेल्या कुत्र्याला मुसके कसे बांधावे, मांजर पंजे काढण्याआधी टॉवेलमध्ये कसे गुंडाळावे, हे न कळणाऱ्या माणसामुळे डॉक्टर, मालक आणि जनावर तिघांनाही इजा होते. पण खरे काम त्यापुढे सुरू होते, आणि ते थोडे सविस्तर सांगितल्याशिवाय प्रशिक्षण एक वर्षाचे का हवे, हे लक्षात येणार नाही.

दुधाचा धंदा करणाऱ्या घराचे उदाहरण घेऊ. गाय सुमारे एकवीस दिवसांनी माजावर येते आणि माज काही तासांचाच असतो. ती हंबरते, दूध चोरते, दुसऱ्या गाईला अंगावर चढू देते, योनीतून स्वच्छ आणि तारेसारखा चिकट स्राव म्हणजे सोट टाकते. ही लक्षणे सकाळी दिसली तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन करायचे, असा साधा नियम आहे. रेतमात्रेची कांडी उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेली असते. ती बाहेर काढल्यावर साधारण 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरून वितळवायची आणि लगेच वापरायची असते. पाणी फार गरम झाले, कांडी हातात रेंगाळली किंवा नायट्रोजनच्या भांड्यातली पातळी कोणी पाहिलीच नाही, तर वरून सगळे व्यवस्थित दिसते आणि गाय मात्र उलटते, म्हणजे गाभण राहत नाही. मग पुढचे एकवीस दिवस तिला फुकट पोसायचे. सरकारी योजनेतून कर्ज काढून गाई घेतलेल्या माणसाच्या हिशेबात असे दोन-तीन माज चुकले तर तो धंद्यातून उठतो. गोव्यात दूध वाढावे म्हणून अनुदान देताना हे रेतन कोणाच्या हातून होते, हा प्रश्न अनुदानाइतकाच महत्त्वाचा आहे. केंद्र सरकारच्या ‘मैत्री’ योजनेत ग्रामीण भागातल्या रेतन तंत्रज्ञांना तीन महिन्यांचे प्रशिक्षण दिले जाते आणि त्यातला मोठा भाग प्रत्यक्ष कामाचा असतो. केवळ एका कौशल्याला तीन महिने लागतात, तर संपूर्ण सहायक आठवड्याच्या शिबिरात कसा तयार होईल?

गाय विण्याच्या वेळी तर सहायकाची परीक्षाच असते. पाण्याची पिशवी फुटल्यावर किती वेळ थांबायचे, वासराचे पुढचे दोन पाय आणि नाक सरळ येत आहे की मान वळली आहे हे कसे ओळखायचे, ओढायचे केव्हा आणि हात मुळीच न लावता डॉक्टरांना बोलवायचे केव्हा, हा निर्णय त्या घटकेला तोच घेत असतो. वासरू बाहेर आल्यावर नाकातोंडातला चिकटा काढणे, नाळेला आयोडिन लावणे आणि पहिल्या तास-दोन तासांत चीक पाजणे, ही तीन कामे नीट झाली तर वासरू जगण्याची शक्यता पुष्कळ वाढते, कारण जन्मतः वासराच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिद्रव्ये जवळजवळ नसतात आणि ती चिकातूनच त्याला मिळतात. व्यायल्यानंतर एक-दोन दिवसांत भरपूर दूध देणारी गाय अचानक लटपटून बसली, मान कुशीकडे वळवून पडली, अंग गार पडले, तर तो बहुधा दुग्धज्वर असतो. रक्तातले कॅल्शियम उतरलेले असते. शिरेतून कॅल्शियम दिले की तीच गाय थोड्या वेळात उठून उभी राहते, आणि पाहणाऱ्याला वाटते की हे तर कोणीही करील. तेच कॅल्शियम भराभर सोडले तर हृदय बंद पडून ती जागच्या जागी मरते. म्हणून ही गोष्ट सहायकाने ओळखायची असते, डॉक्टरांना फोनवर नेमक्या शब्दांत सांगायची असते, गाईला छातीवर टेकून बसती ठेवायची असते, आणि सुई डॉक्टरांच्याच हातात द्यायची असते. स्वतःच्या कामाची ही सीमा अंगी मुरायला पुस्तक पुरत नाही. जाणत्या डॉक्टरांसोबत अनेक गोठे पालथे घालावे लागतात.

लसीकरणाची तीच कथा आहे. सप्टेंबर 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात गाईम्हशींना लाळ-खुरकुताची लस ठरावीक अंतराने वर्षातून दोनदा, आणि चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेल्लोसिसची म्हणजे सांसर्गिक गर्भपाताची लस आयुष्यात एकदा द्यायची असते. सोबत कानात बारा अंकी बिल्ला मारून नोंद करायची असते. लस 2 ते 8 अंशांत राहिली नाही तर ती टोचली काय आणि न टोचली काय सारखेच. पेटीतल्या बर्फाला लागून ती गोठली तरी निकामी होते. मे महिन्याच्या उन्हात सांग्याच्या किंवा काणकोणच्या एखाद्या दूरच्या वाड्यावर पोचेपर्यंत पेटीतले तापमान कोण राखणार? त्यातही ब्रुसेल्लाची लस जिवंत जंतूंची असते आणि चुकून स्वतःच्या बोटात सुई गेली किंवा थेंब डोळ्यात उडाला तर टोचणाऱ्यालाच तो आजार होऊ शकतो. हातमोजे आणि चष्मा न घालता ही लस देणारा, किंवा व्यायलेल्या गाईचा अडकलेला जार (वार) उघड्या हाताने ओढणारा मदतनीस वर्षानुवर्षे सांधेदुखी आणि परतपरत येणारा ताप घेऊन हिंडतो, आणि त्याच्या दुखण्याचा संबंध त्याच्या कामाशी आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

सहायकाच्या स्वतःच्या जिवाचा हा मुद्दा मला सर्वांत जास्त काळजीचा वाटतो. आमच्या सत्तरीत 2015 पासून माकडतापाने माणसे दगावली आहेत. कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलातून ओळखला गेलेला हा आजार गोचिडींमार्फत पसरतो आणि मेलेल्या माकडाभोवती त्या गोचिडी मोठ्या संख्येने असतात. जंगलालगत माकड मरून पडले की पंचायत, वन, आरोग्य आणि पशुसंवर्धन खात्याची माणसे तिथे जातात, आणि जनावरांशी संबंधित कामाचा माणूस म्हणून पुष्कळदा सहायकालाच पुढे केले जाते. गोचिडींपासून अंग कसे झाकायचे, जवळ कोणाला येऊ द्यायचे नाही, घरी गेल्यावर अंगावरची गोचीड कशी शोधायची आणि पुढच्या काही दिवसांत ताप आलाच तर डॉक्टरांना आपण कुठे गेलो होतो ते आवर्जून सांगायचे, हे त्याला कोणी शिकवलेले असते का? अचानक मेलेल्या गुराच्या नाकातोंडातून न गोठलेले काळसर रक्त येत असेल तर ते फाशी रोगाचे (ॲन्थ्रॅक्सचे) लक्षण असू शकते आणि ते शव मुळीच चिरायचे नाही, हा नियमही असाच पाठ हवा. कुत्र्यांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाने रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस आधीच घेतलेली असली पाहिजे. अभ्यासक्रमाच्या पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याला ही लस सरकारी खर्चाने टोचली जावी आणि ती घेतल्याशिवाय त्याला कुत्र्यांच्या पिंजऱ्याजवळ जाऊ देऊ नये.

रेबीजचा उल्लेख झालाच आहे, तर गोव्याने या बाबतीत जे करून दाखवले त्याचा अभिमान सर्वांना वाटायला हवा. ‘मिशन रेबीज’ ही संस्था आणि राज्य सरकार यांनी 2014 पासून एकत्र काम करून वर्षाला लाखाच्या घरात कुत्र्यांचे लसीकरण केले. एकूण कुत्र्यांपैकी 70 टक्क्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, हे शास्त्र इथे प्रत्यक्षात उतरले आणि 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. हे काम फक्त पदवीधर पशुवैद्यकांनी केलेले नाही. हातात जाळे घेऊन पहाटे वाड्यावाड्यांवर फिरणारे, धावणारे कुत्रे इजा न करता पकडणारे, लस टोचल्यावर अंगावर रंगाची खूण करणारे आणि मोबाइलवर त्याची नोंद करणारे हात वेगळेच होते. त्यांच्यापैकी अनेकांकडे आज जे कौशल्य आहे ते देशात थोड्याच ठिकाणी सापडेल. अशा माणसाला नव्या अभ्यासक्रमात पहिल्या दिवसापासून बसवणे अन्यायाचे होईल. त्याच्या कामाची रीतसर परीक्षा घेऊन, जे येत नाही तेवढेच शिकवून त्याला प्रमाणपत्र मिळाले पाहिजे. खासगी दवाखान्यांत कैक वर्षे काम करून शिकलेल्या मदतनिसांनाही हीच सोय हवी.

शहरातल्या दवाखान्यांची गरज थोडी निराळी आहे. पणजी, पर्वरी, म्हापसा, मडगाव इथे कुत्री-मांजरे सांभाळणारी घरे वाढली आहेत. तिथल्या सहायकाला शस्त्रक्रियेची हत्यारे 121 अंशांच्या वाफेत पुरेसा वेळ ठेवून निर्जंतुक करता आली पाहिजेत. भूल दिलेल्या जनावराचा श्वास, हिरड्यांचा रंग आणि हिरडी दाबून सोडल्यावर रक्त दोन सेकंदांच्या आत परत येते की नाही, हे सतत पाहत राहिले पाहिजे, आणि वापरलेल्या सुया व रक्ताळलेला कापूस कोणत्या रंगाच्या डब्यात जातो हे ठाऊक पाहिजे, कारण जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम जनावरांच्या दवाखान्यांनाही लागू आहेत. निदान करणे, औषध लिहून देणे आणि शस्त्रक्रिया करणे ही कामे त्याची नव्हेत. अमेरिकेतही सहायक आणि तंत्रज्ञ यांत फरक केलेला आहे: तंत्रज्ञाला साधारण दोन वर्षांचे मान्यताप्राप्त शिक्षण आणि परीक्षा लागते, तर सहायक त्याच्या व डॉक्टरांच्या हाताखाली काम करतो. हा फरक इथे सांगण्याचे कारण म्हणजे मोबाइलवर दिसणाऱ्या जाहिराती. घरबसल्या काही आठवड्यांत ‘प्रमाणित पशुवैद्यक सहायक’ व्हा, असे सांगून आपल्या मुलांकडून पैसे घेतले जातात. परदेशातल्या कामासाठी बेतलेले ते प्रमाणपत्र तिथे कोणाला उपयोगी पडत असेल तर पडो. इथल्या कायद्याप्रमाणे त्यावर एका कोंबडीलाही लस टोचण्याचा अधिकार मिळत नाही. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी पालकांनी हे विचारून घ्यावे की प्रमाणपत्र कोण देणार आहे, कलम 30 खाली राज्य सरकार ते मानते का, जिवंत जनावरांवरचे काम किती तासांचे आहे आणि ते कोणत्या दवाखान्यात, कोणत्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या हाताखाली होणार आहे. यांतल्या एकाही प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही तर तिथून परत फिरावे.

माझ्या एका माजी विद्यार्थिनीच्या बाबतीत असेच घडले. परराज्यातल्या एका संस्थेने तिच्याकडून वर्षाचे शुल्क आगाऊ घेतले, चित्रफिती दाखवल्या, वह्या भरून घेतल्या आणि वर्षअखेर छान छापलेला कागद दिला. त्या वर्षात तिने एकाही गाईचे तापमान घेतलेले नव्हते. हुशार आणि कष्टाळू मुलगी आता कपड्यांच्या दुकानात काम करते, आणि तिच्या गावात जनावरांच्या उपचारासाठी माणूस नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्यात, याचे मला फार वाईट वाटते.

महाराष्ट्र आणि कर्नाटक या शेजारच्या राज्यांत दहावीनंतरच्या पशुसंवर्धन पदविकेची परंपरा जुनी आहे. कर्नाटकात बिदरच्या पशुवैद्यक विद्यापीठाचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे. त्या राज्यांनी हे आपल्या मुलांसाठी आणि आपल्या गरजेसाठी उभारले आहे, तिथे आपण जागा मागत फिरणे योग्यही नाही. राष्ट्रीय कौशल्य आराखड्यात भारतीय कृषी कौशल्य परिषदेने पशुवैद्यक क्षेत्रातल्या सहायकांसाठी कामाचे निकष ठरवलेले आहेत, ते आधाराला घेता येतील. त्यांवर गोव्यातल्या गरजा चढवाव्या लागतील: माकडताप, किनाऱ्यावरची मोकाट कुत्री, पावसाळ्यातली खुरांची दुखणी, घरोघरची डुकरे. गोव्याच्या श्वेतकपिला गाईला आणि आगोंदच्या डुकराला स्वतंत्र जाती म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली आहे, आणि या जाती टिकवायच्या तर त्यांचे रेतन, विणी आणि नोंदी सांभाळणारी स्थानिक माणसे लागणारच.

शिकवायचे कुठे, हा प्रश्न विचारला जाईल. पणजीत टोंक येथे सरकारी पशुचिकित्सालय आहे, मडगावजवळ सोनसडो येथे दुसरे आहे. मोलेजवळ धाट येथे आणि सत्तरीत कोपार्डे येथे खात्याची पशुपैदास केंद्रे आहेत. जुने गोवे येथे एलाला भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी शेतीवरची संस्था आहे आणि तिथे पशुविज्ञानाचे शास्त्रज्ञ आहेत; कुर्टीला दूध संघ आहे. वर्षातले पहिले तीन महिने वर्गात व प्रयोगशाळेत, आणि उरलेले नऊ महिने या ठिकाणी आळीपाळीने, अशी आखणी सहज शक्य आहे. वर्गखोल्या नव्याने बांधण्यात पैसा घालवू नये. फर्मागुडी किंवा म्हापशाच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एक वर्ग आणि एक प्रयोगशाळा मिळाली तरी भागेल. प्रत्येक तुकडी लहान असावी, कारण एका गाईभोवती तीस मुले उभी राहिली तर त्यांतली पंचवीस काहीच शिकत नाहीत. अंतिम परीक्षा लेखी कमी आणि गोठ्यात जास्त असावी, आणि परीक्षक शिकवणाऱ्या डॉक्टरांहून वेगळा असावा.

प्रवेशासाठी दहावी पुरेशी मानावी. बारावी विज्ञानाची अट घातली तर ज्यांना हे काम रक्तातून येते तेच बाहेर राहतील. सत्तरी, सांगे, धारबांदोडा भागातल्या धनगर-गवळी कुटुंबांतल्या मुलांना म्हशीच्या चालीवरून तिचे दुखणे ओळखता येते. त्यांना शास्त्र, स्वच्छता आणि नोंदी शिकवल्या तर त्यांच्या तोडीचा सहायक मिळणार नाही. शिक्षणाची आणि परीक्षेची भाषा मराठी किंवा कोकणी असण्याची मुभा असावी, औषधांची नावे तेवढी इंग्रजीतली वाचता आली पाहिजेत. मुलींसाठी काही जागा राखून ठेवाव्यात, कारण दुधाच्या धंद्यातले अर्ध्याहून अधिक कष्ट घरातल्या बायकाच करतात आणि गाईच्या कासेचे दुखणे किंवा तिचा माज यांविषयी एका बाईशी त्या जितक्या मोकळेपणाने बोलतील तितक्या परपुरुषाशी बोलणार नाहीत. अर्थात मुलींनी यावे असे वाटत असेल तर धाट आणि कोपार्डे येथे त्यांच्या राहण्याची सुरक्षित सोय आधी झाली पाहिजे.

प्रमाणपत्र घेऊन पुढे काय, असे पालक विचारतील आणि त्यांनी ते विचारलेच पाहिजे. केंद्राच्या फिरत्या पशुचिकित्सा पथकांच्या योजनेत, जिच्यासाठी 1962 हा दूरध्वनी क्रमांक देशभर ठेवलेला आहे, प्रत्येक वाहनावर एक पशुवैद्यक आणि एक प्रशिक्षित सहायक असावा असे ठरलेलेच आहे. खात्याचे दवाखाने, दूध संस्था, भटक्या जनावरांची आश्रयस्थाने, निर्बीजीकरण केंद्रे आणि खासगी चिकित्सालये यांना माणसे हवीच आहेत. मात्र खात्याच्या भरती नियमांत या प्रमाणपत्राचा उल्लेख आल्याशिवाय त्याला किंमत येणार नाही, आणि खासगी दवाखान्यांनीही प्रमाणित सहायकाला झाडूपोछा करणाऱ्याच्या पगारावर ठेवू नये. रात्री-अपरात्री लाथ, शिंग आणि चावा यांच्या धोक्यात काम करणाऱ्या माणसाला विमा असलाच पाहिजे, ही मागणी मी जाता जाता करतो, जरी ती स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

पशुसंवर्धन खात्याच्या मंत्रिमहोदयांना आणि संचालकांना माझी विनंती आहे की त्यांनी पशुवैद्यक, दूध उत्पादक आणि सध्या काम करणारे मदतनीस यांना एकत्र बसवून किरकोळ सेवांची यादी प्रथम तयार करावी, ती कलम 30 खाली अधिसूचित करावी आणि तिच्यावरून अभ्यासक्रम आखावा. यादी आधी आणि अभ्यासक्रम नंतर, हा क्रम उलटला तर पुन्हा छापील कागद वाटण्यापलीकडे काही होणार नाही. पहिल्या तुकडीचे प्रवेश येत्या जूनमध्ये झाले तर वर्गातले तीन महिने संपल्यावर पावसाळा सरतानाची दुखणी आणि त्यानंतरची लसीकरण फेरी या दोन्ही त्या मुलांना डॉक्टरांच्या बरोबर राहून पाहता येतील.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक व दूध उत्पादक,
सत्तरी, गोवा